पडद्यावरील नोंद आणि तिचे जतन

कर्नाटक शासनाने बंगळुरू येथून राबविलेल्या ‘भूमी’ प्रकल्पात सन २००० च्या सुमारास सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आल्या. तालुका केंद्रात संगणकाचा दुसरा पडदा शेतकऱ्याच्या बाजूस वळवलेला असे. आपल्या ‘पहाणी’त, म्हणजे महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारख्या उताऱ्यात, काय नोंदले जात आहे हे त्यास दिसावे, हा त्यामागील हेतू.

आता असा पडदा घरोघरी आहे. मात्र पडद्यावर दिसलेले टिकत नाही. कर भरल्याचा संदेश, अर्जाचा क्रमांक, संकेतस्थळ बंद असल्याची सूचना क्षणात नाहीशी होते. मुदतीबाबत वाद उद्‌भवल्यास अनेकदा नागरिकाच्या हाती उरतो तो केवळ स्क्रीनशॉट. आणि नेमका तोच वेळेवर सापडत नाही.

‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ एकटी दाबल्यास अनेक संगणकांवर चित्र फक्त क्लिपबोर्डवर जाते व दुसरे काही कॉपी करताच पुसले जाते. विंडोज ८ पासून विंडोजची कळ व ‘प्रिंट स्क्रीन’ एकत्र दाबल्यास ते ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये साठते. तेथे नाव मात्र मिळते ते अनुक्रमांकाचे, आणि त्यावरून काहीच बोध होत नाही. ‘२०२५-०४-१२ मालमत्ता कर पावती’ असे वर्ष आधी घालून नाव दिल्यास फायली आपोआप कालक्रमाने लागतात. फाइलची संगणकीय तारीख नक्कल करताना बदलू शकते. नावातील तारीख टिकते. संपूर्ण पडदा टिपल्यास संकेतस्थळाचा पत्ता व कोपऱ्यातील घड्याळही चित्रात येते. पीएनजी स्वरूपात अक्षरे रेखीव राहतात, जेपीजीमध्ये त्यांच्या कडा फुटतात. पाहताना चित्र शंभर टक्के आकारात उघडावे, म्हणजे आकडे चुकीचे वाचले जाणार नाहीत.

पुराव्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून उद्‌भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण. चित्राची कडा कापून ते पुन्हा साठवले, तरी ही खूण बदलते. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून खुणा, कापाकापी नकलेवरच करावी. सायबर फसवणुकीत १९३० या क्रमांकावर तक्रार तत्काळ नोंदवावी, पण मूळ फाइल त्यानंतरही पुसू नये.

स्क्रीनशॉटला मर्यादाही आहेत. ‘महाभूलेख’वरील विनास्वाक्षरीचा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. त्याचे चित्र कितीही जपले, तरी कर्जासाठी किंवा न्यायालयात डिजिटल स्वाक्षरीचा उताराच लागतो.