लोणारला उतरताना

लोणारचं सरोवर ज्वालामुखीतून झालं, असं आमच्या घाटंजीकडे अजूनही बरेच जण सांगतात. खडक ज्वालामुखीचाच, दख्खनचा काळा बसाल्ट. खड्डा मात्र उल्केच्या आघाताचा. तळात ड्रिलिंग करून काढलेल्या नमुन्यांत, आघातानं काचेसारखी झालेली खनिजं १९७० च्या दशकात सापडली. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. ऐकायला किरकोळ, चढायला नाही.

मार्च सरता सरता आम्ही निघालो. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, तिथून समृद्धी महामार्गानं मेहकर आणि मग लोणार. काठावर पोचेस्तोवर दुपार झाली होती. उतरताना सगळे गप्पा मारत, झाडीतून मोरांचे आवाज ऐकत गेले. परतताना निम्म्या चढावर मेहुणे दगडावर बसले ते उठेनात. शेतात राबणारा धडधाकट माणूस, पण पोटऱ्यांत गोळे आलेले, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. आमच्या बाटल्या रिकाम्या. खाली उतरणाऱ्या एका कुटुंबानं पाणी दिलं. मेहुण्यांना सावलीत आडवं केलं, मानेवर ओला दुपट्टा ठेवला, घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळानं ते उभे राहिले.

म्हणून सांगते, जाऊन-येऊन एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका. आदल्या संध्याकाळी लोणारात मुक्काम करा आणि उजाडताच उतरा. चहूबाजूंनी कडा असल्यानं खाली वारा फारसा लागत नाही. खिशातल्या कांद्यानं ऊन लागायचं थांबत नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि मीठ-साखर जवळ हवी. कुणी बरळू लागलं, अंग तापलं, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा आणि लगेच १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

सरोवराचं पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी आहे, पिण्याचं नाही. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. काठचा काळा चिखल वरून सुकलेला दिसतो, पण पाय आत जातो. लेकरांचा हात सोडू नका. हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, तेव्हा रिकाम्या बाटल्या वर घेऊन या.

ऊन तापायच्या आत वर आलात, की दुपार गावातल्या दैत्यसूदन मंदिरात काढा. तिथलं कोरीव काम बघायला सवड हवी.