धुण्याचा हौद

खाली बसून दगडावर धुणे धुतले की धुणारीची कंबर मोडते, अन् पाणी गल्लीत वाहून जाते. आपल्या जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात लोक टँकरची वाट पाहत होते. हे पाणी वाया का घालवावे? आपण घरीच सिमेंटचा हौद करू.

एक घमेले सिमेंट, दोन घमेली वाळू, चार घमेली बारीक खडी. पाणी बेतानेच घाला, पातळ माल कच्चा राहतो. तळात लोखंडी जाळी हवीच. काठ किती उंच? धुणारीच्या कमरेइतका. माप तिनेच उभे राहून द्यावे, गवंड्याने ठरवू नये. तळाला भोकाकडे उतार ठेवा. आतून घोटून गुळगुळीत करा, नाहीतर लुगडे फाटेल. मग दहा दिवस ओले पोते झाकून ठेवा.

साबणाचे पाणी शोषखड्ड्यात सोडा. खळबळल्याचे पाणी मात्र अंगणातल्या लिंबाला घाला.