जंगल सत्याग्रह : लोकसहभागाची भाषा
(वऱ्हाडच्या विशेष संदर्भात)

१९३० च्या सविनय कायदेभंगाचा मराठी वाङ्मयातील विचार बहुधा दांडी, शिरोडा, वडाळा येथेच थांबतो. वऱ्हाडला समुद्र नाही. येथील मिठाचा सत्याग्रह अकोला जिल्ह्यातील दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींवर करावा लागला. पुढे पावसाळा आला आणि मीठ तयार करणे अशक्य झाले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. चळवळीचे चिन्ह बदलले, एवढाच या घटनेचा अर्थ सामान्यतः लावला जातो. तो अपुरा आहे.

मिठाची गोष्ट वऱ्हाडातील शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत होती, गवताची नव्हे. जंगल राखीव झाल्यापासून चराईची फी, कोंडवाडा आणि दंड हे शब्द त्याच्या घरात रुळलेले होते. वनखात्याच्या दप्तरी जी ‘चोरी’, तीच कृती १९३० मध्ये ‘सत्याग्रह’ म्हणून प्रतिष्ठा पावली. विळा तोच, गवत तेच, हातही तेच. बदलले ते नाव. लोकसहभागाचे मूळ या नामांतरात शोधले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अर्थात लोकांनी हे नाव पुढाऱ्यांना अभिप्रेत असलेल्या मर्यादेतच वापरले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पुढाऱ्यांच्या लेखी गवत हे प्रतीक होते, गोठ्यात मात्र ती वैरण होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरच्या जंगलात गोळीबार झाला, तेव्हा तेथे जमलेला समुदायही निवडक स्वयंसेवकांच्या तुकडीपुरता मर्यादित नव्हता.

मग सहभागी कोणास म्हणावे? केंद्र सरकारच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन योजनेत सहा महिन्यांचा कारावास हा एक मुख्य निकष होता. योजनेला असा निकष लागतोच. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने तोच निकष का स्वीकारावा? दंड भरून परतलेला गुराखी आणि भारा डोक्यावर घेऊन आलेली बाई त्या यादीत येत नाहीत. आत्मचरित्रांतही त्यांची गणना ‘जनसमुदाय’ या एका शब्दात उरकली जाते. (हा शब्द आपण वर्गात किती सहज वापरतो!)

बुलढाणा जिल्ह्यातील बीबीसारख्या गावात क्षेत्रीय संकलनास जाणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच ‘तुमच्या घरातले कोण तुरुंगात गेले होते?’ या प्रश्नाने आरंभ करू नये. प्रत्यक्षदर्शी आता उरलेले नाहीत. घरात उरलेले असते ते ऐकलेले कथन, आणि त्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘कोणी नाही’ असेच उत्तर येणार. गुरे कोठे चरत, कोंडवाड्यातून ती कशी सोडवून आणत, जंगलच्या शिपायाला गावात काय नाव होते, असे विचारावे. त्या उत्तरांतील क्रियापदे मूळ बोलीत, प्रमाणभाषेचा संस्कार न करता टिपून घ्यावीत. ‘आणले’, ‘तोडले’, ‘चोरले’ यांपैकी कोणते क्रियापद घरात टिकले, हे पाहावयाचे आहे.