यंत्र गप्प, म्हणजे आई बरी?

कंपनीने आमच्या तक्रारीला पाठवलेल्या उत्तरात एकच वाक्य ठळक आहे : त्या काळात प्रणालीत धोक्याचा कोणताही इशारा नोंदला गेलेला नाही. खरं आहे. नोंदला जाणार कसा?

आईचं घर हिरडस मावळात, नीरा-देवघरच्या पाण्यापलीकडे. पावसाळ्यात लाइट गेली की टॉवर बंद. हे मी तब्येतीवर लक्ष ठेवणारं खोकं विकायला आलेल्या माणसाला समोर बसवून सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, रेंज नसली तरी मशीन चालतं." चालतं ना! वजनकाटा, बीपीचं मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, सगळं ब्लूटूथने आईच्या मोबाइलला जोडलेलं. तिथून आकडे कंपनीकडे जातात, एआय पुढचा धोका वर्तवतं आणि आमच्या मोबाइलवर हिरवा, पिवळा नाहीतर लाल गोल उमटतो. भावाने मुंबईहून वर्षाचे पैसे एकरकमी भरले.

आवणीच्या दिवसांत आईचे पाय सुजायला लागले. तिच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे. अंगात पाणी साठलं की आधी वजन वाढतं, मग दम लागतो, मग आडवं होता येत नाही. यातली पहिली पायरी पकडायची म्हणूनच ते खोकं घेतलेलं. भाऊ रोज सांगायचा, "अगं, हिरवंच आहे, कशाला घाबरतेस?" शेवटी आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेने, वरच्या टेपावर रेंज धरून मला फोन केला : "आई रात्रभर भिंतीला टेकून बसतात. तुम्ही लगेच या."

पिकअपमध्ये घालून भोरला आणलं. ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं आणि तेवढ्यात उशाशी ठेवलेल्या पिशवीत तिचा मोबाइल किंचाळायला लागला. भोरची रेंज मिळताच अडकून पडलेले सगळे आकडे एकदम वर गेले होते. हिरव्याचा थेट लाल. पाठोपाठ कंपनीच्या मुलीचा फोन : "मॅडम, पेशंटना धोका दिसतोय, तातडीने दवाखान्यात न्या." मी तिला काय बोलले ते छापण्यासारखं नाही. तिचा बिचारीचा दोषही नव्हता.

त्या गोलाखाली मुंगीएवढ्या राखाडी अक्षरांत 'शेवटची नोंद' असते. तिथली तारीख जुनी होती. आकडे यायचे थांबले, तरी गोल जुन्याच आकड्यांवर हिरवागार. पुढे कंपनीचे साहेब वर तोंड करून म्हणाले, "पेशंटने वजनच केलं नसेल." आई रोज वजन करून दिनदर्शिकेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहीत होती! त्या पानावर आठवड्याभरात ५१ चे ५५ किलो झालेले दिसतात. ते वाचायला एआय लागत नाही.

आमचीच रड आहे असं समजू नका. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतल्या एका अल्गोरिदमवरचा अभ्यास आला. तो अल्गोरिदम रुग्णाचा आजार मोजण्याऐवजी त्याच्यावर होणारा खर्च मोजत होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्च कमी होतो, म्हणून त्याला ते कमी आजारी वाटत. दवाखान्यात पोचू न शकणारा माणूस यंत्राला धडधाकट दिसतो, मग तो तिथला असो की हिरडस मावळातला. हृदयाच्या रुग्णांचंच बोलायचं, तर अमेरिकेत १,६५३ जणांवरच्या अभ्यासात निम्म्या जणांनी रोजचं वजन आणि त्रास फोनवरच्या यंत्राला सांगून पाहिला. २०१० मध्ये निष्कर्ष आला : काही फरक पडला नाही. जर्मनीत १,५७१ जणांवरच्या २०१८ च्या अभ्यासात मात्र मृत्यू कमी झाले. तिथे आकड्यांमागे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेले होते.

म्हणून घेण्याआधी विचारा, रात्री अकराला गोल लाल झाला तर तो बघतं कोण? आणि दोन दिवस आकडा आलाच नाही, तर रंग कोणता? तोंडी उत्तरावर जाऊ नका. विक्रेत्यासमोर पेशंटचा मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, दोन दिवसांनी आपल्या मोबाइलवर गोल बघा. हिरवाच असेल तर खोकं परत. 'नोंद न आल्यास फोन करू' हे लेखी घ्या.

आणि घेतलंच, तर काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका, शहाबादी फरशीवर ठेवा. आमच्याकडे हे सांगायलासुद्धा कोणी आलं नाही. वजन सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर कोणाच्याही गोलाची वाट न बघता डॉक्टरांना फोन. थंड, ओल्या बोटाला ऑक्सिमीटर वाटेल ते दाखवतो. गोळ्या वेळेवर द्या, मीठ-पापड-सुकट कमी करा, हे काय, सगळेच सांगतात. सरकारी ई-संजीवनीवर डॉक्टर फुकट बोलतात, पण त्यालाही रेंज लागतेच. तेव्हा आशाताईंचा नंबर आधी, १०८ त्याखाली, दोन्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत.

पैसे अजून परत आलेले नाहीत. उरलेले महिने 'वापरून घ्या' म्हणतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार करायची तर गोलाचा स्क्रीनशॉट खालच्या तारखेसकट त्याच दिवशी काढून ठेवा. आमच्या मोबाइलवर आकडे वर गेल्याबरोबर ती तारीख बदलली. आता पुराव्याला आईचं पेन्सिलीचं पान तेवढं आहे, आणि त्यावर सही कोणाची, असं कंपनी विचारते आहे.