शाळेची घंटा आणि वजनाचा काटा

प्रश्न : कोविडची टाळेबंदी लागली तेव्हा माझा नातू चौथीत होता, वजन ३६ किलो. शाळा पुन्हा भरली तेव्हा तो सहावीत होता आणि वजन ५१! मधल्या काळात वडापाव नाही, कॅन्टीनचा समोसा नाही, वाढदिवसाच्या पार्ट्या नाहीत. सगळं घरचं, माझ्या हातचं. मग वजन वाढलं कशाने? आणि उद्या पुन्हा अशी साथ आली, तर मुळात अंगाने भरलेल्या मुलाचं काय करायचं?
– एक आजी, बोरिवली

उत्तर : आजी, बंद झालेल्या गोष्टींची यादी तुम्ही दिलीत, पण त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट राहून गेली. शाळेची घंटा.

शाळेत मुलं काय खातात यावर आपण बरंच बोलतो. पण शाळेत पाच-सहा तास त्यांना खाता येत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत डबा उघडायचा नाही, आणि डबा संपला की संपला. घरच्या स्वयंपाकघराला असा तळ नसतो. तिथे दुसरी वाटी मिळते, तिसरीही मिळते, आणि वाढणारी आजी असेल तर मागावीही लागत नाही. (रागावू नका, माझ्या घरीही हेच होतं.)

दवाखाने पुन्हा सुरळीत सुरू झाल्यावर मी अशा मुलांच्या आयांना आदल्या दिवसाचं खाणं लिहून आणायला सांगत असे. त्यातला एक कागद अजून आठवतो. साडेआठला दूध-बिस्किटं, ऑनलाइन तास सुरू असताना, कॅमेरा बंद करून. दहाला पोहे. अकराला ‘काहीतरी’ – हा त्या माऊलीचाच शब्द. एकला जेवण. चारला बाबांच्या चहाबरोबर खारी. सहाला मोबाइलवर बघून केलेली पाणीपुरी. नऊला जेवण. साडेअकराला नूडल्स, कारण बहीण जागी होती आणि तिने केल्या. आठ वेळा खाणं, आणि त्यातलं बाहेर जाऊन खाल्लेलं काहीच नाही!

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. इटलीत व्हेरोना इथे टाळेबंदीला तीन आठवडे झाल्यावर ४१ लठ्ठ मुलांची पाहणी झाली. रोजच्या खाण्यात साधारण एका जेवणाची भर पडली होती, स्क्रीनपुढचा वेळ दिवसाला जवळजवळ पाच तासांनी वाढला होता आणि खेळ आठवड्याला दोन तासांहून जास्त घटला होता. झोप वाढली होती. फळंही थोडी वाढली होती, भाज्या मात्र होत्या तिथेच! अमेरिकेत ४ लाख ३२ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) वाढण्याचा वेग साथीच्या काळात जवळपास दुप्पट झालेला दिसला. त्यातही सगळ्यात जास्त फटका आधीच वजन जास्त असलेल्या मुलांना बसला.

मला सर्वांत बोलके वाटतात ते इंग्लंडचे आकडे. तिथे शाळेत दाखल होणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांची आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांची दरवर्षी मोजणी होते. लहानांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण २०१९-२० मध्ये ९.९ टक्के होतं, पुढच्या वर्षी ते १४.४ टक्के झालं. मोठ्यांत ते २१ वरून २५.५ टक्क्यांवर गेलं. शाळा सुरळीत झाल्यावर २०२१-२२ मध्ये लहानांचा आकडा १०.१ पर्यंत उतरला, म्हणजे जवळजवळ जागेवर आला. मोठ्यांचा २३.४ वर अडकला. दिवसाला चौकट मिळाली की वजन सावरतं, असा अर्थ मी यातून काढतो. मोठ्या मुलांना मात्र त्याहून थोडं जास्त लागतं.

आणि आपल्याकडे ही चौकट फार दिवस नव्हती. मुंबईत मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिली ते सातवीचे वर्ग उघडले ते १५ डिसेंबर २०२१ ला. लठ्ठपणा असलेल्यांना कोविड जड जातो हे कळल्यावर धास्तावलेल्या कित्येक आईबापांनी अशा मुलांना इमारतीच्या आवारातही उतरू दिलं नाही. काळजी खरी होती, पण त्या काळजीनेच मूल आणखी बसून राहिलं.

आता दुसरा प्रश्न. सगळ्यात आधी ‘डाएट’ हा शब्द घरातून काढा. वाढत्या मुलाचं वजन उतरवण्याआधी ते थांबवायचं असतं, कारण त्याची उंची आपलं काम करत असते. समजा, मुलगा १४५ सेंटिमीटर आणि ५१ किलो आहे. त्याचा बीएमआय २४.३ भरतो. वजन तेवढंच राहिलं आणि उंची १५२ झाली, तर तोच आकडा २२.१ होतो, एक किलोही न घटवता. मात्र मोठ्यांची पट्टी मुलांना लावायची नाही. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेले, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वयानुसार आहेत, बालरोगतज्ज्ञाकडे ते असतात. वजन फारच जास्त असेल तर ते हळूहळू उतरवावं लागतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मग घंटा घरात आणायची कशी? माझ्याकडे येणाऱ्या एका आईने फार साधी युक्ती केली होती. शाळा बंद असतानाही ती सकाळी सातला स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली भरून मुलाच्या टेबलावर ठेवायची. पोळी-भाजी, काकडी, एखादं फळ. साडेदहाला मोबाइलचा गजर वाजला की डबा उघडायचा, आणि खाताना लॅपटॉप मिटलेला. ‘आधी हसला, मग तोच गजर लावायला लागला,’ असं ती सांगायची. ऑनलाइन तासांशी आपल्याला भांडता येत नव्हतं, पण स्क्रीनसमोरच्या ताटलीशी येत होतं.

ताट मात्र सगळ्यांचं एकच हवं. एकाला ज्वारीची भाकरी आणि धाकटीला चीज पराठा, हा उघड अन्याय आहे. अशी मुलं लपून खायला शिकतात. ‘जाड्या’, ‘गोलू’ या लाडाच्या हाका बंद. रोज काट्यावर उभं करणं बंद, महिन्यातून एकदा पुरे, तेही पाहुण्यांसमोर नाही.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. ती एका दमात व्हायला हवी असं नाही. तिसऱ्या मजल्यावर दोरीच्या उड्या मारल्या तर खालचे काका वर येतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून सूर्यनमस्कार, जिने, गच्ची, गाण्यावर नाच. बाबांनी सोबत केलं तर टिकतं, नाहीतर चौथ्या दिवशी बारगळतं. झोपेची वेळ शाळा असल्यासारखीच ठेवा, फोन उशाशी नको.

आणखी एक. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी, मखमलीसारखी जाड झाली असेल, तर तो मळ समजून घासत बसू नका. शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. रात्री घोरताना श्वास अडकणं, लंगडणं, सारखी तहान आणि सारखी लघवी, यांपैकी काही दिसलं तर साथ ओसरायची वाट बघायची नाही. ऑनलाइन सल्ल्याची अधिकृत नियमावली आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून आहे, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवसापासून. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीची खूण करून ठेवलीत, तर फोनवरूनही डॉक्टरांना निम्मं कळतं.

तुमच्या हातच्या शंकरपाळ्यांचं तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मनात असणार. करा. बरणी त्याच्या टेबलाजवळ मात्र नको. वाटीत काढून द्या आणि तो खाईपर्यंत तुमची वाटी घेऊन त्याच्याजवळ बसा.