परदेशी गहू

मुलांनो, आज गिरगावात वा लालबागला वाण्याच्या दुकानात हवे ते धान्य मिळते. पूर्वी तसे नव्हते. १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. गिरणगावचा कामगार शिधापत्रिका घेऊन रांगेत उभा राहू लागला. स्वातंत्र्य आले, तरी टंचाई सरली नाही.

तिकडे अमेरिकेचे सरकार आपल्या शेतकऱ्यांना भावाची हमी देत असे. त्यामुळे तेथे गहू कोठारांत मावेनासा झाला. १९५६ च्या करारान्वये तो भारताला रुपयांच्या मोबदल्यात मिळू लागला. मुंबई बंदरात गव्हाची जहाजे लागली. शहराचे पोट भरले. मात्र या स्वस्त धान्यामुळे आपल्या शेतकऱ्याच्या मालाचा भाव पडतो, असा इशारा काही अर्थशास्त्रज्ञांनी दिला.

१९६५ व १९६६ ही दोन्ही वर्षे अवर्षणाची गेली. नेमक्या त्याच वेळी अमेरिकेने हात आखडता घेतला व धान्य थोडे थोडे सोडण्यास आरंभ केला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी जनतेला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९६५ सालीच कृषिमूल्य आयोग स्थापन झाला. पुढे सुधारित बियाणे आले आणि शेतकऱ्याला हमीभाव मिळू लागला.

ज्याचे धान्य परक्याच्या कोठारात, त्याची भूकही परक्याच्या हाती. शेतकऱ्याला मिळणारा रास्त भाव ही शहरवासीयांच्या ताटाचीच तजवीज होय.

स्वाध्याय
१. स्वस्त परदेशी गव्हाचा लाभ कोणाला झाला? हानी कोणाची झाली?
२. 'हात आखडता घेणे' याचा वाक्यात उपयोग करा.