एका ब्लॉकात एकच गाडी

मेगाब्लॉकमुळे 'ब्लॉक' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. तेथे त्याचा अर्थ दुरुस्तीसाठी रोखलेला मार्ग. सिग्नलच्या भाषेत मात्र ब्लॉक म्हणजे लोहमार्गाचा ठरावीक तुकडा. एका वेळी एका ब्लॉकात एकच गाडी, हा त्याचा नियम. माझे वडील रेल्वेत गँगमन आहेत, म्हणून कला शाखेचा विद्यार्थी असूनही मला या विषयाची ओढ वाटते.

पूर्वी एक गाडी सुटल्यावर काही मिनिटांनी दुसरी सोडीत. पहिली वाटेत अडकली तर मागच्या गाडीला पत्ता नसे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे डबे सुटून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर ब्लॉकपद्धती सक्तीची करणारा कायदा झाला.

हे तत्त्व छोट्या प्रतिकृतीत चांगले समजते. समजा, ६ मीटरचा गोल मार्ग आहे आणि प्रत्येक गाडी १ मीटर लांब आहे. रुळांना चिरा देऊन, त्यांत वीज न वाहणारे जोड बसवून दीड-दीड मीटरचे चार ब्लॉक करावेत. ब्लॉक गाडीपेक्षा लांब हवा. थांबायलाही जागा लागते. पुढचा ब्लॉक भरलेला असेल तर या ब्लॉकच्या शेवटच्या टप्प्याची वीज रिले तोडतो आणि गाडी आपोआप थांबते. अशा मार्गावर चार गाड्या ठेवल्या तर एकही हलणार नाही. तीन ठेवल्या तर एका वेळी एकच हलेल. दोन मात्र सुखाने धावतील. म्हणजे रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. तिच्यामुळेच गती शक्य होते.

आता खरा प्रश्न असा, की ब्लॉक भरलेला आहे हे ओळखायचे कसे? प्रतिकृतीत बहुधा इंजिन वीज घेते, त्यावरून ओळखतात. त्यामुळे तार तुटली, किंवा वीज न घेणारा एखादा डबा मागे राहिला, तरी ब्लॉक 'रिकामा' दिसतो. खऱ्या रेल्वेतील रूळमंडल (ट्रॅक सर्किट) याच्या उलट चालते. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. एका टोकाची बॅटरी रुळांतून दुसऱ्या टोकाच्या रिलेला सतत वीज पुरवते. गाडी आली की चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेची वीज जाते आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी संपली, तरीही लालच. बहुतेक वेळा रूळ तुटला तरीसुद्धा.

येथे निरोप न येणे म्हणजे 'सर्व ठीक' नव्हे, तर 'थांबा'. गाडी विनाकारण थांबली तर वेळ जातो. विनाकारण सुटली तर माणसे जातात. ज्यांच्या घरचे माणूस रुळावर राबते, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.